मानवी चाल आढळली नाही

आमच्या खेळात लबाडी करताना सापडलेल्या माणसाला जो संदेश जायचा, तो मराठीत मीच लिहिला होता. आधी तो बाहेरून भाषांतर करून घेतला होता. 'आपली क्रियाकलाप अवैध निश्चित केली गेली आहे,' असं काहीतरी आलं, आणि माझं डोकंच फिरलं. अशी भाषा कुणाच्या घरात बोलतात? मी ते फेकून दिलं आणि डबा खाता खाता स्वतः लिहिलं, 'आपल्या चालण्यात मानवी चाल आढळली नाही. आपले खाते थांबवण्यात आले आहे.' स्वच्छ, सभ्य, आणि कुणाला शिवी न देता. ऑफिसात सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते.

माझं काम काय, हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. येरवड्याच्या पुढे एका काचेच्या इमारतीत आमची छोटी कंपनी आहे. आम्ही चालण्याचा खेळ बनवतो. फोन खिशात ठेवून चालायचं. फोन पावलं मोजतो आणि पावलांच्या बदल्यात टोकन देतो. ही टोकन दुसऱ्याला देता येतात, विकता येतात, त्यातून खेळातले भारी बूट घेता येतात. सगळ्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे एका जाहीर नोंदवहीत होते. तिच्या प्रती जगभरातल्या संगणकांवर असतात, त्यामुळे एकदा लिहिलेलं कुणालाही खोडता येत नाही. किती चालण्याला किती टोकन द्यायची, हे ठरवणारी मी. वाटणं सोपं असतं. पण पंगतीत चार फुकटे घुसले, तर शेवटच्या पानापर्यंत श्रीखंड पोचत नाही, आणि मग सगळी पंगत वाढप्याला शिव्या देते. तो वाढपी म्हणजे मी.

बाबा त्या टोकनांना 'बिल्ले' म्हणायचे.

बाबा सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड दाखवायचे, नकाशे काढायचे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर अशा बदल्यांमध्ये त्यांची नोकरी गेली आणि माझं बालपणही. आई गेल्यावर मी त्यांना बिबवेवाडीला माझ्याकडे आणलं. आणलं म्हणजे काय, एक ट्रंक, एक रेडिओ आणि एक माणूस उचलून तिसऱ्या मजल्यावर ठेवला. त्याआधीच त्यांची अँजिओप्लास्टी झालेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज चाला, नाहीतर परत माझ्याकडेच याल. बाबा सकाळपासून खिडकीत बसायचे. चला म्हटलं की म्हणायचे, "कुठं चालू? इथं कुठं पोचायचंय मला?"

जन्मभर ते कुठल्या ना कुठल्या हद्दीच्या दगडापर्यंत पोचायला चालले होते. बागेत गोल गोल फिरणं त्यांना घाण्याच्या बैलासारखं वाटत असणार. रविवारी बुद्धविहारात जाणं सोडलं तर ते खाली उतरत नसत. मला धास्ती वाटायची. संध्याकाळी कुलूप उघडताना, आत ते कसे असतील या विचाराने माझा हात किल्लीवर थांबायचा.

शेवटी काही सुचेना म्हणून मी आमचा खेळ त्यांच्या फोनवर टाकला. बिल्ल्यांचं त्यांना काडीचं कौतुक वाटलं नाही. पण मी त्या नोंदवहीबद्दल सांगायला लागले तसे ते सरसावून बसले.

"आज किती चाललो, ते त्यात कायमचं राहते?"

"कायमचं."

"कोणी खाडाखोड केली तर?"

"करताच येत नाही. आमच्या मालकालासुद्धा नाही."

"मग खातं चांगलं आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते बूट घालून दाराशी उभे होते. आठवड्याने ते एकटेच बसने बुधवार पेठेत जाऊन फोनसाठी कमरेला लावायची चामड्याची पिशवी घेऊन आले. येताना भाजीवालीशी कोथिंबिरीला आमच्या विदर्भासारखं 'सांबार' म्हणण्यावरून हुज्जत घालून आले आणि ती गोष्ट मला दोनदा सांगितली. आई गेल्यापासून त्यांनी कुठलीच गोष्ट दोनदा सांगितली नव्हती.

महापालिकेच्या बागेतली त्यांची सोबत म्हणजे आमच्याच इमारतीतले एक काका. शनिवारपेठी जिभेचा माणूस. ते मला जिन्यात म्हणाले, "तुमचे वडील चालत नाहीत हो, हजेरी लावतात." खेळात आपापल्या भागातल्या चालणाऱ्यांची एक यादी दिसते. त्या यादीत बाबा चौथे होते, मग दुसरे झाले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून मान डोलावली. संध्याकाळी किल्ली लावताना माझा हात थांबेनासा झाला. माझ्या हातून आयुष्यात एक तरी काम नीट झालं, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

त्याच सुमारास लबाडांनी उच्छाद मांडला. कुणी फोन छताच्या पंख्याला बांधायचा, कुणी शिलाई मशीनच्या पायडलला. बाळाच्या पाळण्यात फोन ठेवून झोका देणारेही निघाले. एका बहाद्दराने तर फळीवर वीस फोन ठोकून ती फळी मोटारीने हलवायची सोय केली होती. आमच्या संस्थापकाने त्या फोटोचं प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. म्हणाला, "हे सॉल्व कर, नाहीतर गेम संपला आपला." खऱ्या चालणाऱ्यांच्या वाट्याला येणारी टोकन कमी होत चालली होती आणि लोक खेळ सोडून जात होते, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी एक नियम सुचवला. यंत्र एकसारखं हलतं, माणूस एकसारखा चालत नाही. मग पावलांमधलं अंतर आणि वेळ तपासायचा. तो फार एकसारखा आला तर समजायचं की फोन माणसाच्या अंगावर नाही. खात्री करायला मी ऑफिसातल्या पोरापोरींना खाली पार्किंगमध्ये नेऊन चालवलं. एक जण फोनमध्ये बघत अडखळत चालला, एकीची चप्पल सैल होती, दोघं गप्पा मारत रेंगाळले. त्यांचा आलेख सह्याद्रीसारखा वरखाली झाला आणि पंख्याचा आला सरळ रेघ. मी इतकी खूश झाले की सगळ्यांना चहा पाजला. चाललेल्यांमध्ये चाळिशीपुढची मी एकटीच होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच बैठकीत मी आणखी दोन गोष्टी ठरवून घेतल्या. एक, लबाड ठरलेल्याच्या नावापुढे लाल खूण लागेल आणि ती नोंदवहीत कायमची राहील, म्हणजे त्याला खातं दुसऱ्याला विकून नामानिराळं होता येणार नाही. दोन, लबाडांच्या तक्रारी माणसांनी वाचत बसायचं नाही, उत्तर यंत्रच देईल. आमच्याकडे तेवढी माणसं नव्हतीच. तपासणीचं काम करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "आणि मॅम, चुकून खरा माणूस सापडला तर?"

"तर त्याने पंधरा दिवस माणसासारखं चालून दाखवावं," मी म्हटलं. "खातं आपोआप सुरू होईल. लाल खूण करडी होईल." सगळे हसले. मी हे मोठ्या मनाने दिलेली सूट म्हणून सांगितलं होतं आणि तसंच ते नियमात गेलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका मंगळवारी, मी घरी आले तर बाबा सोफ्यावर बूट घालून बसले होते. आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. मी घाबरून विचारलं, "बाबा, छातीत दुखतंय का?"

त्यांनी फोन पुढे केला. "हे वाच."

माझीच दोन वाक्यं होती. ती मला पाठ होती, तरी मी ती सावकाश वाचली, कारण मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"मानवी चाल म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं. "मग माझी कशाची आहे?"

सकाळी बागेतच तो संदेश आला होता. काकांनी तो मोठ्याने वाचला आणि वर म्हणाले, "तुम्ही माणूस नाही म्हणतायत. आम्हाला शंका होतीच." ती थट्टा होती आणि बाबाही हसले होते. पण यादीत त्यांच्या नावापुढची लाल खूण बागेतल्या सगळ्यांच्या फोनवर दिसत होती. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्या एक बाई त्यांना बाजूला घेऊन समजुतीने म्हणाल्या, "अहो, कशाला करायचं असं या वयात?" तेव्हापासून दिवसभर बाबांनी बूट काढले नव्हते.

"मशीनची चूक असेल. मी बघते ऑफिसात," मी म्हटलं.

"तू बघू नको. घरचं माणूस आहे म्हणून काही करून घ्यायचं नाही. मी रीतसर अर्ज करतो."

मला सुटल्यासारखं वाटलं. नियम कुणी केला हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

बाबांच्या या रीतसरपणामागे एक जुनी गोष्ट आहे. ती मी लहानपणापासून ऐकत आले. नोकरीला लागून त्यांना तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा एका बड्या जमीनदाराने त्यांच्यावर तक्रार केली होती की मोजणीदार जागेवर फिरकलाच नाही, खुर्चीत बसून नकाशा काढला. तक्रारीचं खरं कारण बाबा कधी सांगत नसत. आई सांगायची. गावाबाहेरच्या आपल्या वस्तीतला माणूस त्या जमीनदाराच्या शेतात साखळी घेऊन शिरतो आणि तुमची हद्द अलीकडे आहे म्हणून सांगतो, हे त्याला सहन झालं नव्हतं. आई म्हणायची, "दुसऱ्याचा डाग एका धुण्यात जातो, आपला जायला दोन धुणी लागतात."

चौकशीला एक वरिष्ठ साहेब आले. त्यांनी कागद बाजूला ठेवले, पंचांना घेऊन थेट शेतात गेले आणि बाबांना म्हणाले, "शंभर फूट चालून दाखव." बाबा चाळीस पावलं चालले आणि थांबले. टेप लावला, तर शंभर फूट. दुसऱ्या बांधावर, चढावर, ढेकळांतून, जिथे चालायला लावलं तिथे चाळीस पावलांत शंभर फूट. कारण शिकाऊ असताना त्यांना महिनोन्‌महिने हेच करायला लावलं होतं. जमिनीवर टेप अंथरायचा आणि त्याच्या कडेने चालायचं, पाऊल अडीच फुटांचं होईपर्यंत. मोजणीदाराचं पाऊल हे त्याचं पहिलं हत्यार. असा पाय ज्याचा आहे, तो खुर्चीत बसून नकाशा काढणार नाही, असं त्या साहेबांनी लिहिलं आणि प्रकरण मिटलं. तेव्हापासून बाबांची पक्की श्रद्धा होती की माणूस जागेवर येऊन बघेल, तर खरं दिसतंच.

म्हणून त्यांनी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय : चालण्याबाबतचा आक्षेप दूर करणेबाबत. महोदय, सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा रोज स्वतःच्या पायांनी चालत असून... आणि शेवटी, 'तरी कृपया प्रत्यक्ष स्थळपाहणी करण्यात यावी. अर्जदार कोणत्याही दिवशी सकाळी सहा ते आठ या वेळेत चालून दाखवण्यास तयार आहे.' खाली सही, तारीख, पूर्ण पत्ता. मला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगितलं. मी पाठवला. बाबा अर्ज घडी करून पाकिटात ठेवत होते, तेवढ्यात फोन वाजला. आपल्या चालण्यात मानवी चाल आढळली नाही.

त्यांनी संदेश पाहिला, मग हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. "वाचला कधी?" ते म्हणाले. "इतक्यात कोणी कसा वाचला?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्यांच्या चालण्याचा आलेख उघडला. सरळ रेघ होती. पंख्यासारखी, पाळण्यापेक्षाही सरळ. आणि मग मला ते आठवलं. आठवलं म्हणजे मी ते कधी विसरले होते असं नाही, फक्त ते ऑफिसात सोबत घेऊन आले नव्हते. मला शाळेत सोडायला बाबा चालत यायचे. त्यांच्या पावलावर पाऊल टाकायला मी उड्या मारायची. सरकारी क्वार्टरपासून शाळेचं फाटक किती पावलं, मधलं वडाचं झाड किती, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. एकदा वर्गात बाईंनी विचारलं, लांबी कशाने मोजतात? मुलं म्हणाली, पट्टीने, टेपने. मी उभी राहून म्हटलं, "माझ्या बाबांनी."

माणूस एकसारखा चालत नाही, असं मी भर बैठकीत ठासून सांगितलं होतं. मी, त्या मुलीने.

मग मी लाल खूण लागलेल्या बाकी लोकांची यादी काढली. बहुतेक लबाडच होते. पण काही जण रोज पहाटे, एकाच वेळी, एकाच रस्त्याने जाऊन परत येत होते. पंखा रस्त्याने फिरायला जात नाही. कदाचित परेडमधून निवृत्त झालेली माणसं असतील, कदाचित नकली पाय लावलेली. मला कळायला काही मार्ग नव्हता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तक्रार केली होती आणि सगळ्यांना दोन सेकंदांत माझी दोन वाक्यं गेली होती.

मी संस्थापकासमोर सगळं मांडलं. बाबांचंही सांगितलं. तो वाईट मुलगा नाही, त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बघ, ही एज केस आहे, हजारात एखादी. आता रूल लूज केला तर ते फळीवाले परत येतील. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. अंकलसाठी हवं तर एक्सेप्शन टाक."

"आणि लाल खूण?"

"ती कशी निघेल? परमनंट तूच ठेवलीस ना."

मी माझ्या टेबलाशी परत आले. अपवाद टाकायला मी खरोखरच बसले. बाबांचा खातेक्रमांकही लिहिला. पण 'घरचं माणूस आहे म्हणून काही करून घ्यायचं नाही' हे कानात घुमत होतं, आणि त्या पहाटे चालणाऱ्या बाकीच्यांना तर घरचं माणूसच नव्हतं. मी तो क्रमांक पुसला. हे बरोबर केलं की नुसता भित्रेपणा केला, ते मला अजून ठरवता येत नाही.

इकडे बाबांनी पहिलं स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं. चालायला जाणं त्यांनी बंद केलं होतं. आक्षेप निघाल्याशिवाय बागेत तोंड दाखवणार नाही म्हणाले. पण रोज सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून, बूट घालून ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, आठपर्यंत. पाहणीला कोणी आलं तर अर्जदार गैरहजर नको. मी डबा भरत असायची आणि ते दाराकडे बघत असायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून पोळी करपली. आठवड्याने त्यांचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांना मी फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "चालणं का थांबवलं?"

रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं. "बाबा, कोणी येणार नाहीये. यायला माणूसच ठेवलेला नाही. तो नियम मी केला. माणूस एकसारखा चालत नाही, असं मीच ठरवलं. ती दोन वाक्यंसुद्धा मीच लिहिली."

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"काहून गं?" ते म्हणाले. "बाकीच्यांना माहीत नव्हतं, ठीक आहे. तू तर मला चालताना पाहिलं होतं."

मी रडले. ते उठले, ट्रंक उघडली आणि त्यांचा जुना कापडी टेप काढला. आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. टेपचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मला भिंतीशी उभं केलं. मग ते चालले, सुजलेल्या पायांनी, आठवडाभर बसून राहिलेल्या पायांनी, मोठ्याने मोजत. चाळीसला थांबले. मी टेप ताणला. शंभर फूट. त्यांनी खिशातून अर्जाची घडी काढली, त्याच्या मागे लिहिलं, 'स्थळपाहणी केली. अर्जदाराचे म्हणणे खरे आहे,' आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली. तारीख घाल, म्हणाले. घातली.

"तुमच्या वहीत हे लावता येत नाही ना?"

"नाही."

"आमच्याकडे चुकीची नोंद खोडत नव्हते. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. चूक पण दिसली पाहिजे आणि ती कोणी दुरुस्त केली ते पण." एवढं बोलून त्यांनी टेप गुंडाळला. मग नियम नेमका काय आहे, हे त्यांनी मला विचारलं. मी समजावून सांगितलं. पंधरा दिवसांच्या सवलतीचंही सांगितलं. ते पूर्वी नवीन परिपत्रक ऐकायचे तसं त्यांनी शांतपणे ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते परत चालायला जाऊ लागले. मला हायसं वाटलं. राग गिळला असेल, काकांनी ओढून नेलं असेल, असं मी समजले. पायांची सूज उतरली. मी नियम बदलण्यासाठी रोज एक मेल लिहीत होते आणि रोज 'पुढच्या व्हर्जनमध्ये' असं उत्तर येत होतं. मी नोकरी सोडली नाही. सोडेन असं मनात दोनदा आलं, तेवढंच.

महिना उलटायच्या आत एका सकाळी बाबांनी मला फोन दाखवला. खातं सुरू झालं होतं. लाल खूण करडी झाली होती. खाली एक संदेश होता, तोही मीच लिहिलेला, पण मला तो आठवतही नव्हता. 'आपल्या चालण्यात मानवी चाल आढळली आहे. धन्यवाद.'

"कसं काय झालं हे?" मी विचारलं.

"तू सांगितलं तसं चाललो."

मी त्यांच्याबरोबर बागेत गेले. ते माझ्यापुढे चालत होते. दोन पावलं नेहमीची टाकायचे, मग एक मुद्दाम लांब, मग एक आखूड. मध्येच जरा थांबायचे, मध्येच दोन झपझप. वळणावर त्यांचा तोल गेला, त्यांनी कठड्याला हात लावला, फोनकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली. काका मागून मला म्हणाले, "पंधरा-वीस दिवस असंच चाललंय. पाय दुखतोय का म्हटलं, तर म्हणाले, शिकतोय." काकांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

घरी येताना मी पार्किंगमध्ये त्यांना थांबवलं. म्हटलं, "आता खातं सुरू झालं ना, आता तुमच्यासारखं चाला. एकदा. मला बघायचंय." टेप आणला. त्यांनी भिंतीला पाठ लावली, श्वास घेतला आणि चालले. एक, दोन, तीन. चाळीसला थांबले आणि माझ्याकडे वळले. मी टेप ताणला. त्र्याण्णव फूट भरले.

त्यांनी टेपवरचा आकडा वाकून पाहिला. मग म्हणाले, "परत लाव," आणि भिंतीकडे निघाले.